रिकाम्या पोटी

१

मरायच्या आदल्या दिवशी च्वांग तिंग-वांगने आपल्या बायकोला नावाने हाक मारली. इस्पितळात हजर असलेल्या आम्हा शेजाऱ्यांना त्याच्या पिवळ्याधमक डोळ्यांपेक्षा याचंच जास्त आश्चर्य वाटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिला ‘ए’ पलीकडे काही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

तसं तिचं नावही हाक मारावी असं नव्हतंच. बोंग-ची. मुलगाच हवा असलेल्या घरात मुलगी झाली की पूर्वी आमच्याकडे असली नावं ठेवत. अर्थ असा, की आता झालीच आहे तर वाढवू झालं. ही वाढवून झालेली बाई पलंगाशी उभी होती. नवरा तिचं नाव घेत होता, मधेच आपण कालवांच्या तराफ्यावर आहोत असं समजून भरतीला शिव्या देत होता, आणि ती त्याच्या तोंडावरची लाळ पुसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. यकृत पूर्ण बसलं होतं. उन्हाळ्याची सुरुवात होती, कालवं भरायला लागली होती. माणूस सहासष्ट वर्षांचा, दारू न पिणारा. प्रेत घरी न्यायला टेम्पो येऊन उभा राहिला, पण डॉक्टर च्येन सू-छिंग मृत्यूच्या दाखल्यावर सही करेना.

ही आमच्या तालुक्याची यकृताची डॉक्टर. कमी बोलणारी, काहीशी तुसडी बाई. तिंग-वांग तिचाच रोगी होता. त्याला बी प्रकारची जुनाट कावीळ होती. तैवानच्या या किनाऱ्यावर त्यात नवल नाही. लस येण्याआधी जन्मलेल्या आमच्या पिढ्यांमध्ये घरटी एकाच्या तरी रक्तात तो विषाणू मुक्काम करून असतो. वर्षानुवर्षं गप्प बसतो, मग कधी यकृत आखडवतो, कधी त्यात गाठ वाढवतो. अंगातून तो सहसा जात नाही. पण रोज एक गोळी घेतली तर झोपून राहतो. तिंग-वांगच्या रक्तात तो गेली कित्येक वर्षं इतका झोपला होता की तपासणीत सापडतही नव्हता.

आणि आता त्याच रक्तात कोट्यवधी विषाणू निघाले होते.

डॉक्टर च्येनने ठाण्यात फोन करून इन्स्पेक्टर वेंग पाओ-लिनला बोलावून घेतलं. विषाणू गोळीला सरावला असेल, असं तिला आधी वाटलं होतं. तपासलं तर तो अगदी साधा निघाला, गोळीने सहज झोपणारा. मग तिने दाखल झाल्या दिवशीचं रक्त औषधासाठी तपासून घेतलं. त्यात औषधाचा मागमूस नव्हता.

“म्हणजे गोळ्या घेत नव्हता,” वेंग म्हणाला.

“घरातल्या प्रत्येकाने त्याला रोज सकाळी गोळी गिळताना पाहिलंय. सून दर वेळी वेळेवर गोळ्या घेऊन जायची. डबीत उरलेल्या गोळ्या मी तपासल्या. त्या खऱ्या आहेत.”

२

वेंग पन्नाशीचा, ढगळ शर्ट घालणारा, सुपारी सोडल्यापासून सतत काडी चघळणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या खिशातही तीच गोळी असायची, त्यामुळे त्याला फारसं समजावून सांगावं लागलं नाही. ही गोळी अचानक थांबली तर काही जणांत महिन्यांनी विषाणू उसळून उठतो, हे त्याला प्रत्येक भेटीत बजावलं गेलं होतं. कुणीतरी खऱ्या गोळ्यांच्या जागी दुसऱ्या ठेवल्या होत्या, आणि म्हातारा इस्पितळात गेल्यावर खऱ्या परत आणून ठेवल्या होत्या. घाईत केलेलं काम नव्हतं. कित्येक महिने रोज सकाळी एका माणसाला फसवायचं आणि त्याच्याच शेजारी बसून जेवायचं, असल्या जातीचं काम होतं.

च्वांगांचं घर समुद्राच्या बांधाच्या कडेला आहे. दारातच शिंपल्यांचा ढीग आणि त्याचा वास. आत मधोमध गोल टेबल. वेंग गेला तेव्हा घरातली माणसं तिथे पेज घेत बसली होती: धाकटा मुलगा मिंग-युआन, त्याची बायको न्हान आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. बोंग-ची मात्र आत, चुलीजवळच्या स्टुलावर बसून जेवत होती. तिच्या वाडग्याला कडेला निळा दोरा बांधलेला होता.

वेंगने दोऱ्याबद्दल विचारलं. मिंग-युआनने मान खाली घातली. उत्तर न्हानने दिलं. ती व्हिएतनामची, लग्न होऊन इथे आली, आणि आमची भाषा ती तुटक पण बेधडक बोलते. सासऱ्यांनी सासूचा वाडगा वेगळा ठेवला होता, तिने सांगितलं. मोठे दीर आजारी पडले तेव्हापासून. दोरा चूक होऊ नये म्हणून. ते गेले तरी आई टेबलावर यायला तयार नाहीत.

मोठा मुलगा मिंग-त्से. तो चौतिसाव्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने गेला. त्याची ती मयत आम्हा सगळ्यांना आठवते. आमच्याकडे मूल आईबापांच्या आधी गेलं तर बापाने काठीने शवपेटीवर मारायचं असतं, आम्हाला टाकून गेलास म्हणून. तिंग-वांगने पेटीवर एकदा मारलं. मग वळून तीच काठी बायकोच्या पाठीवर घातली, सगळ्यांसमोर, आणि म्हणाला की हिच्या पोटातून विष घेऊन माझी पोरं जन्माला आली. आम्ही पन्नासेक माणसं उभी होतो. कुणी पुढे झालं नाही. डॉक्टरांनीही तेव्हा सांगितलं होतं की हा आजार बहुतेक आईकडूनच बाळाला जातो, आणि आम्हाला तेवढं पुरेसं वाटलं होतं.

स्वतः तिंग-वांगच्या रक्तात विषाणू निघाला, तेव्हा तो म्हणाला, माझ्यातही हिनेच सोडला. तो मात्र टेबलावरच जेवत राहिला. खाण्यापिण्यातून हा आजार जात नाही हे त्याला डॉक्टर च्येनने दोनदा सांगितलं होतं. ऐकेल तो तिंग-वांग कसला?

घरात त्याच्या मरणाने रडलेलं असं कुणी वेंगला दिसलं नाही. निघताना मुलगी दारापर्यंत आली आणि विचारलं नसताना म्हणाली, “आजोबांना बाबांनी मारलं. बाबाच म्हणाले होते, मारीन म्हणून.”

३

भांडण झालं होतं हे मिंग-युआनने नाकारलं नाही. त्याला तराफे विकून शहरात जायचं होतं. बापाने त्याला तराफ्यावर, सगळ्या गड्यांसमोर, कानफटात मारली होती. छत्तीस वर्षांच्या माणसाला. “म्हणालो असेन मारीन म्हणून,” तो म्हणाला. “त्या घरात सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलंय.”

गोळ्यांना आपण हात लावत नाही, असं त्याने सांगितलं. बापाची वारांचे खण असलेली डबी न्हान दर रविवारी भरायची. बाप उठल्याबरोबर, काही खायच्या आधी गोळी घ्यायचा, कारण ती रिकाम्या पोटीच लागू पडते. मोतीबिंदूमुळे त्याला धड दिसत नसे. डबीत पांढरी बारीक गोळी असली की झालं.

न्हानने डबी आपण भरत होतो हे लपवलं नाही. “मी भरते. म्हणून मीच चोर, नाही का? गावात सगळे हेच म्हणतात. बाहेरची बाई.” नवीन वर्षाला मुलीला घेऊन ती माहेरी गेली होती, चांगला दीड महिना राहिली. तेव्हा डबी सासूने भरली. सासरा आपल्याला काय म्हणायचा तेही तिने सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुळ्या-पाल्याची औषधं विकणारा शिऊ म्हातारा हा तिसरा संशयित. तिंग-वांग पूर्वी त्याच्या पुड्या घ्यायचा, मग डॉक्टरने बंद करवल्या. शिऊने चारचौघांत म्हटलं होतं की त्या गोळीने हा मरेल. वेंगने त्याला दुकानात गाठलं, तर त्याने आधी वेंगचीच नाडी पाहिली आणि तुमचं यकृत तापलंय म्हणाला. वेंग म्हणाला, ते मला माहीत आहे. शिऊच्या दुकानात पाय ठेवून तिंग-वांगला वर्ष झालं होतं, आणि शिऊ च्वांगांच्या उंबऱ्यात कधी गेला नव्हता. त्याला वेंगने त्याच दिवशी यादीतून काढलं.

बोंग-ची जास्त बोलली नाही. नवरा कसा होता विचारल्यावर म्हणाली, कामसू होता. त्याला गोळ्या कोण देत असे विचारल्यावर म्हणाली, त्याची तोच घ्यायचा.

ठाण्यात परत येताना वेंगच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. खऱ्या गोळ्या डबीतून काढल्या, मग त्यांचं केलं काय? मारायचंच असेल तर खाडीत फेकून द्यायच्या. पण म्हातारा इस्पितळात गेल्यावर डबी पुन्हा खऱ्या गोळ्यांनी भरली गेली, म्हणजे फेकल्या नव्हत्या. आणि डबीत होत्या त्या फार थोड्या. बाकीच्या गेल्या कुठे?

त्याने डॉक्टर च्येनला फोन केला आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला काही निमित्त आहे का, असं विचारलं.

“निमित्त कशाला हवं?” डॉक्टर म्हणाली. “असा रोगी असलेल्या घरातल्या प्रत्येकाने तपासून घ्यावं, ज्याला संरक्षण नाही त्याने लस घ्यावी, हे मी गेली कित्येक वर्षं ओरडून सांगतेय.”

४

चार जणांचं रक्त गेलं. निकाल घेऊन डॉक्टर स्वतः ठाण्यात आली.

मुलीला जन्मतःच लस मिळालेली, उत्तम संरक्षण. न्हानने लग्नानंतर लस घेतलेली, तिचंही तसंच. बोंग-चीच्या रक्तात विषाणू नव्हता. इथे डॉक्टर काही सांगायला लागली होती, पण वेंगने तिला थांबवलं. त्याची नजर चौथ्या निकालावर होती.

मिंग-युआनच्या अंगात विषाणू होता. हे नवीन नव्हतं. भाऊ आजारी पडला तेव्हा त्याची तपासणी झाली होती, आणि तेव्हा आकडा कोटींच्या घरात होता. डॉक्टरने त्याला औषध सुरू करायला बोलावलं, पण तो परत आलाच नाही. भावाला आजार कळला आणि भाऊ मेला, तर मला कळायलाच नको, असं त्याने न्हानला सांगितलं होतं. आजतागायत त्याने एकही गोळी घेतलेली नव्हती. निदान दवाखान्याला तसं माहीत होतं.

“मग आता आकडा किती आहे?” वेंगने विचारलं.

“सापडत नाही,” डॉक्टर म्हणाली. “शून्य. आणि औषध आहे रक्तात. भरपूर.”

संध्याकाळी आमच्या सगळ्यांच्या देखत मिंग-युआनला तराफ्यावरून उतरवून गाडीत बसवलं. बापाच्या तोंडची गोळी मुलाने खाल्ली, ही बातमी आम्ही घरोघर पोचवली. न्हान बांधावर उभी राहून गाडीमागे ओरडत होती. बोंग-ची दारात आली, गाडी कुठल्या दिशेला गेली ते पाहिलं, आणि आत गेली.

५

वेंगने त्याला कोठडीत बसवलं खरं, पण त्याचं त्यालाच पटेना. या माणसाने दवाखान्यात जाऊन कार्ड दाखवलं असतं तर तीच गोळी त्याला सरकारी विम्यातून मिळाली असती. जी वस्तू मागून मिळते ती चोरायला बापाला कशाला मारायचं? आणि तुझ्या रक्तात औषध आहे असं सांगितल्यावर मिंग-युआनचा चेहरा चोराचा झाला नाही. तो घाबरला. कुणीतरी आपल्या अंगात न विचारता हात घातला असावा, तसा.

वेंगने त्याला चहा दिला आणि सकाळी उठल्यापासूनचं सगळं सांगायला लावलं.

ओहोटी लागली की निघतो, मिंग-युआन म्हणाला. निघताना आई शेंगदाण्याचं कोमट दूध देते, अर्धा पेला. मग तराफ्यावर दोन-तीन तासांनी डबा.

“घरून खाऊन नाही निघत?”

“पूर्वी निघायचो. आता आई देत नाही. म्हणते भरल्या पोटी वाकून काम केलं की पित्त होतं. अर्धा पेला, बस. तेही पाण्यासारखं पातळ, आणि कडू.”

“कडू कधीपासून?”

त्याला आठवेना. थंडी पडायला लागली तेव्हापासून असेल. नवीन वर्षात न्हान माहेरी गेली होती, तेव्हा आपण तिला फोनवर म्हणालो होतो की लवकर ये, आईचं दूध दिवसेंदिवस कडू होत चाललंय. मग ती हसली होती.

हे सांगता सांगता तो थांबला. हातातल्या चहाकडे पाहिलं, आणि पेला अगदी हळू खाली ठेवला. “साहेब,” तो म्हणाला, “मीच घेतल्या असं लिहा. मी सही करतो.”

वेंग उठला. बाहेर येऊन त्याने डॉक्टरला फोन लावला. बोंग-चीच्या रक्ताबद्दल तुम्ही मघाशी काय सांगत होतात, ते आता सांगा, तो म्हणाला.

६

बोंग-ची दारात बसून कालवं फोडत होती. वेंग तिच्यासमोर पालथ्या टोपलीवर बसला. तिच्या हातातली सुरी थांबली नाही.

“मावशी, तुम्हाला लस घ्यावी लागेल,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणतात, तुमच्या अंगात हा आजार कधी आलाच नाही. संरक्षणही नाही. इतकी वर्षं अशा नवऱ्याबरोबर राहून असं क्वचित होतं म्हणे.”

“माहीत आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

मग सुरी थांबली. समुद्रदेवी मात्सूच्या देवळात गेल्या शरदात तपासणीचं शिबिर होतं, तिने सांगितलं. फुकट होतं म्हणून बायकांबरोबर गेली. त्याआधी तिचं रक्त कधी कुणी तपासलंच नव्हतं. मोठ्याच्या वेळेला नवरा म्हणाला होता, हिचं काय तपासायचं, सगळं हिच्याकडूनच आलंय. शिबिरातली नर्स तरुण होती. तिने हसून सांगितलं की आजी, तुम्ही नशीबवान, हा विषाणू तुम्हाला कधी शिवलाच नाही. बोंग-चीने विचारलं, कधीच म्हणजे? माझी मुलं झाली तेव्हाही? नर्स म्हणाली, कधीच नाही.

“घरी आले. त्याला सांगावं म्हणून टेबलापाशी गेले, तर म्हणाला, लांब उभी राहा, जेवतोय.” तिने कालवाचं मांस वाटीत टाकलं. “मग नाही सांगितलं.”

वेंगने पुढचं स्वतःच सांगितलं. न्हानने रविवारी डबी भरली की संध्याकाळी ही खऱ्या गोळ्या काढून पोटदुखीच्या पांढऱ्या गोळ्या ठेवायची. खरी गोळी कुटून मुलाच्या दुधात. मुलगा दवाखान्याचं नाव काढू देत नव्हता, आणि गोळी रिकाम्या पोटी लागते हे ती नवऱ्याला रोज पाहून शिकली होती. वसंतातली नवऱ्याची तपासणी आली, तेव्हा डॉक्टरने पुढे ढकललीय म्हणून सांगितलं. लघवी चहासारखी व्हायला लागली, तेव्हा उष्णता झालीय म्हणाली. न्हान माहेरी असतानाही दूध कडूच होतं, म्हणून न्हान नव्हे. आणि स्वतःच गोळ्या चोरून खाणारा आपलं दूध कडू लागतं असं बोलून दाखवत नाही, म्हणून मुलगाही नव्हे.

तिने पुढचं कालव उचलून फोडलं.

“एक कळत नाही,” वेंग म्हणाला. “डॉक्टरांना सांगितलं असतंत, मुलाला समजवा म्हणून, तर त्याची वेगळी बाटली मिळाली असती. दोघांना पुरलं असतं.”

“मिळाली असती,” बोंग-ची म्हणाली. “मग हा जगला असता.”

तिने हात धुतले, पदराऐवजी बांधलेलं फडकं सोडून खिळ्याला अडकवलं, आणि मुलाला सोडा, असं सांगून गाडीत जाऊन बसली.

तो शेवटी शेवटी तुमचं नाव घेत होता, वेंग वाटेत म्हणाला. त्याला वाटलं होतं यावर काही बोलेल. ती म्हणाली, हो, पाणी मागत होता.

७

मिंग-युआन आता डॉक्टर च्येनकडे जातो. गोळी अचानक थांबली तर त्याचीही बापासारखी गत होईल, हे त्याला सांगावं लागलं. पहिल्या दिवशी दवाखान्यात गोळी तोंडात घालून तो कितीतरी वेळ बसून राहिला, गिळेना. शेवटी न्हानने त्याचं नाक दाबलं. तो आईला भेटायला तुरुंगात जात नाही.

वेंग गेला. पानगळ सुरू झाली होती. त्याच्या हातात डॉक्टरने दिलेला एक कागद होता. खटल्यासाठी विषाणूंची जात तपासली होती: तिंग-वांगच्या रक्तातल्या, मिंग-युआनच्या रक्तातल्या, आणि मिंग-त्सेच्या यकृताचा जो तुकडा इस्पितळात जपून ठेवला होता त्यातल्या. डॉक्टर म्हणाली होती, हे तिला सांगायची काही गरज नाही. वेंग म्हणाला, मेलेल्या माणसावर एक खोटा आळ आहे.

बोंग-ची जाळीपलीकडे बसली. पहिल्यांदा तिने मुलगा गोळी घेतो का ते विचारलं. घेतो, वेंग म्हणाला. तिचा चेहरा सैल पडला. मग तिने विचारलं, खटल्यात येईल ना, की पोरांना आजार त्याने दिला?

“नाही दिला,” वेंग म्हणाला. “त्याच्यातला विषाणू वेगळ्या जातीचा होता. मुलांचा वेगळ्या. त्याचा मुलांना लागला नाही, मावशी.”

ती म्हणाली की मशीन चुकलं असेल.

“दोघा भावांचा मात्र एकच आहे. तंतोतंत. दोघांना एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी मिळालेला.” वेंगने कागद घडी करून खिशात ठेवला. “लहानपणी दोघांना एकदम कधी सुई टोचली होती?”

नाही, ती लगेच म्हणाली. आमच्याकडे डॉक्टरच नव्हता. नंतर तिचे ओठ हलायला लागले. एका उन्हाळ्यात दोघांना एकदम ताप भरला होता, ती म्हणाली, अंगावर पुरळ. धाकटा अजून नीट चालतही नव्हता. बाप म्हणाला, ताप आहे, उतरेल, सुया कशाला. तो समुद्रावर गेला. मग तिने एकाला पाठीशी बांधलं, एकाला हाताला धरलं आणि बाजारात सुई टोचणाऱ्याकडे गेली. रांग होती. तो एकाला टोचायचा, सुई फडक्याला पुसायचा, दुसऱ्याला टोचायचा. त्यांच्या पुढे एक बाई होती, पिवळी-पिवळी, तिला उभंही राहवत नव्हतं.



“मोठा पळायला बघत होता,” बोंग-ची म्हणाली. “फार ताकद होती त्याला. मी त्याला दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला. सुईवाला म्हणाला, अशी पाहिजे आई.”